परदेशी सासर: मुलींसाठी एक पानी पत्रक, मजकूर तपासून हवा आहे

पार्लेकरीण

नमस्कार मंडळी. लग्नसराई सुरू व्हायच्या आत आमच्या महिला मंडळातर्फे एक पत्रक काढायचं आहे. लग्न करून अमेरिका, इंग्लंड, आखात, ऑस्ट्रेलियाला जाणाऱ्या मुली आणि त्यांचे आईवडील, दोघांसाठी. मंगल कार्यालयं, वॉर्ड ऑफिसबाहेरची झेरॉक्सची दुकानं, पासपोर्ट ऑफिसचा परिसर इथे ठेवू. ए-४ कागद, दोन्ही बाजू.

कच्चा मजकूर:
१. निघण्याआधी विवाह नोंदणी करा.
२. पासपोर्ट स्वतःकडे ठेवा.
३. दागिन्यांची यादी करा.
४. त्रास झाल्यास १८१ किंवा ११२ वर फोन करा.
५. ताबडतोब भारतात परत या आणि इथे तक्रार करा.

यात चुकीचं काय आहे? आणि मुंबईत बसून नक्की काय काय करता येतं? हळहळ व्यक्त करणारे लेख पुष्कळ आहेत, नेमकं लिहा.

टवाळ

पत्रिकेतच छापा. 'कृपया आहेर आणू नये, पत्रक न्यावे.' (दिवे घ्या.)

मंदार_बे_एरिया

चौथा मुद्दा आधी काढा. १८१ आणि ११२ हे भारतातले आखूड नंबर आहेत, परदेशातून ते भारतात लागत नाहीत. मारहाण चालू असेल तर अमेरिकेत ९११, इंग्लंडमध्ये ९९९, ऑस्ट्रेलियात ०००. बोलायला आणि सल्ला घ्यायला अमेरिकेत १-८००-७९९-७२३३, इंग्लंडमध्ये ०८०८ २००० २४७, ऑस्ट्रेलियात १८०० ७३७ ७३२. दुभाषा मागता येतो, तेव्हा 'इंग्रजी येत नाही' म्हणून फोन टाळू नये. ९११ ला आधी घराचा पत्ता सांगायचा, अपार्टमेंट नंबरासकट. मग बाकीचं. आणि त्यासाठी पत्ता पाठ हवा. नव्या नवरीला तोच नसतो, कारण सगळीकडे नवराच गाडीने नेतो.

पाचवा मुद्दा तर मला धोक्याचा वाटतो. सविस्तर लिहितो.

कोर्टनाका

पहिल्या मुद्द्यात भर. मुंबईत नोंदणी महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसात होते, दोघांपैकी एकाचा पत्ता त्या वॉर्डातला हवा. तीन साक्षीदार, लग्नपत्रिका, लग्नाचा फोटो आणि गुरुजींची सही. गाडी अडते ती गुरुजींच्या सहीवर. मुलगा आठ दिवसांच्या रजेवर आलेला, आणि गुरुजी पुढच्या मुहूर्ताला नाशकात. फॉर्म हॉलवरच न्या. अक्षता पडल्या, जेवणाची पंगत बसली, की सही घेऊन टाका.

दुसरं, नाव. आपल्याकडे तांदळात अंगठीने नवं नाव लिहितात आणि कौतुकाने तेच फॉर्मवर घालतात. दाखल्यावर नाव पासपोर्टबरहुकूम हवं, अक्षर न् अक्षर. पासपोर्टवर 'स्नेहल' आणि दाखल्यावर 'राधिका' असेल तर व्हिसापासून पोटगीपर्यंत प्रत्येक टेबलावर वेगळं प्रतिज्ञापत्र करावं लागतं.

दाखल्याच्या दोन प्रमाणित प्रती घ्या, एकीवर अपोस्टिल (परदेशात कागद ग्राह्य धरला जावा म्हणूनचं साक्षांकन) करून घ्या. आधी राज्य शासनाचं साक्षांकन, मग परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का. यूएई अपोस्टिलच्या करारात नाही, तिथे दूतावासाचं साक्षांकन लागतं. दुसरी प्रत माहेरी.

गोरेगावकर_काका

मुहूर्तावरच अविश्वास? बोहल्यावर उभं राहायच्या आधी दागिन्यांची यादी आणि पोलिसांचे नंबर! शिवाय ४९८अ चा (सासरच्या छळाचं कलम) किती गैरवापर होतो हे सगळ्यांना माहीत आहे. मुलाकडच्या म्हाताऱ्या आईवडिलांना अटक होते, त्यांच्यासाठी कुठलं पत्रक?

निशिगंध

काका, यादी हा अविश्वास नाही, नियम आहे. हुंडा प्रतिबंधक कायदा १९६१ चा, आणि त्याखालचे भेटवस्तूंच्या यादीचे नियम १९८५ चे. वधूला मिळालेल्या वस्तूंची यादी वधूने ठेवायची, वराला मिळालेल्यांची वराने. प्रत्येक वस्तूचं वर्णन, अंदाजे किंमत, देणाऱ्याचं नाव, नातं, आणि खाली दोघांच्या सह्या. ही यादी मुलाकडच्यांनाही वाचवते. 'पन्नास तोळे दिले होते' असा आरोप उद्या झाला तर कागद दाखवता येतो.

अटकेचं म्हणाल तर सर्वोच्च न्यायालयाच्या अर्नेश कुमार निकालानंतर (२०१४) सरसकट अटक करता येत नाही. आधी हजर राहण्याची नोटीस द्यायची आणि अटक करायची असेल तर कारणं लेखी नोंदवायची. गैरवापर होतच नाही असं कुणी म्हणत नाही. पण म्हणून मुलीच्या हातात यादी द्यायची नाही, हे काही पटत नाही.

यादीत 'सोन्याचा हार १' असं लिहू नका. ग्रॅममधलं वजन, बिलाची तारीख, हॉलमार्कचा सहा अक्षर-अंकी एचयूआयडी, आणि बिल शेजारी ठेवून काढलेला फोटो. स्त्रीधन ही तिची एकटीची मालमत्ता, हे १९८५ च्या प्रतिभा राणी निकालापासून पक्कं आहे. सासऱ्यांच्या लॉकरमध्ये ठेवल्याने ते त्यांचं होत नाही, पण तिथे काय ठेवलं होतं हे सिद्ध तिलाच करावं लागतं. लॉकर तिच्या एकटीच्या नावावर असावा हे बरं.

उसळपाव

+१. आणि एचयूआयडी आला तो अलीकडे, आजीच्या पाटल्यांवर तो नसणार. जुन्या दागिन्यांचं सराफाकडून वजनासह मूल्यांकनपत्र घ्या.

मंदार_बे_एरिया

आता पाचवा मुद्दा. 'ताबडतोब भारतात परत या' असं छापू नका.

अमेरिकेत एच-१बी (नोकरीच्या व्हिसा) वाल्याची बायको एच-४ वर येते. तिचा व्हिसा त्याच्या नोकरीला बांधलेला असतो. त्याचं ग्रीनकार्ड ठराविक टप्प्याला पोचलेलं नसेल तर तिला काम करता येत नाही. ठरलेला डाव असा असतो: 'दोन महिने माहेरी जाऊन ये' म्हणून पाठवायचं, पासपोर्ट 'सांभाळायला' घ्यायचा, आणि ती इकडे असताना तिकडे घटस्फोटाचा अर्ज लावायचा. ती भारतात, खटला तिकडे, पुन्हा यायला व्हिसा नाही. आपण पत्रकात तिला तेच करायला सांगतोय, फक्त तिच्या स्वखुशीने.

देश सोडताना ती काय काय सोडते ते पाहा. कॅलिफोर्निया, टेक्सास, वॉशिंग्टन, ॲरिझोना या राज्यांत लग्नानंतर मिळवलेली मालमत्ता साधारणपणे दोघांची धरतात, भारतात असा हक्क नाही. कॅलिफोर्नियात घटस्फोटासाठी दोघांपैकी एकाचं राज्यात सहा महिने आणि त्या काउंटीत तीन महिने वास्तव्य लागतं, पण संरक्षणाच्या आदेशाला अशी मुदत नाही आणि तिथे व्हिसाची अटही नाही.

काम करायचा परवाना हवा असेल तर छळ झालेल्या एच-४ जोडीदारासाठी आय-७६५व्ही हा वेगळा फॉर्म आहे. हा बहुतेकींना ठाऊकच नसतो. नवरा नागरिक किंवा ग्रीनकार्डधारक असेल तर 'वावा' (घरगुती छळाविरुद्धचा अमेरिकी कायदा) खाली ती नवऱ्याला न कळवता स्वतःचा अर्ज करू शकते. नवरा एच-१बी वर असेल तर वावा चालत नाही. गुन्ह्याला बळी पडलेल्यांसाठीचा यू व्हिसा आहे, पण त्याला पोलीस किंवा सरकारी वकिलाचं प्रमाणपत्र लागतं आणि वर्षाला दहा हजारांची मर्यादा असल्याने रांग काही वर्षांची आहे.

जीव धोक्यात असेल तर अर्थातच घर सोडा. पण घर सोडणं वेगळं आणि देश सोडणं वेगळं. न्यूजर्सीत 'मानवी' (१९८५ पासून), न्यूयॉर्कात 'सखी' (१९८९ पासून) या दक्षिण आशियाई बायकांसाठीच्या संस्था आहेत. तिकीट काढायच्या आधी तिथल्या वकिलाशी एकदा बोलणं व्हायलाच हवं.

गोरेगावकर_काका

आणि वकिलाचे डॉलर कोण देणार? माहेर गिरगावात दोन खोल्यांचं असेल तर?

शुभा_लेस्टर

काका, रास्त प्रश्न. म्हणूनच संस्थांमार्फत जायचं, बऱ्याच जणी मोफत मदत करतात. इथे साउथॉल ब्लॅक सिस्टर्स १९७९ पासून हेच काम करतात.

इंग्लंडची माहिती देते. स्पाउस व्हिसावर असलेली बाई छळामुळे वेगळी झाली तर तीन महिन्यांची सवलत मागता येते. त्या काळात काम करता येतं, सरकारी मदतही मिळते. त्या तीन महिन्यांतच कायम वास्तव्याचा अर्ज टाकायचा. पैसे नसतील तर फी माफ होते. विद्यार्थी किंवा नोकरीच्या व्हिसावर आलेल्या नवऱ्याच्या डिपेंडंटलाही २०२४ पासून ही तीन महिन्यांची सवलत मिळते, पण तिला पुढे कायम वास्तव्याचा हा रस्ता नाही. दोन्हींची गल्लत करू नका.

आणि मंदार म्हणतात तो 'माहेरी नेऊन सोडण्याचा' प्रकार इथल्या नियमांत आता नावानिशी आहे. जानेवारी २०२४ अखेरपासून स्पाउस व्हिसावरच्या अशा बाईला भारतातूनच परत येण्याचा अर्ज करता येतो.

मारहाणच लागते असं नाही. पैसे काढून घेणं, फोन तपासणं, बाहेर जाऊ न देणं हे सततचं वागणं असेल तर २०१५ च्या कायद्यानुसार तो गुन्हा आहे, पाच वर्षांपर्यंत शिक्षा. इथल्या मुलींना वाटतं की हात उगारला नाही म्हणजे तक्रारच होत नाही.

अनामिका७

वाचनखूण साठवली आहे.

कोर्टनाका

आता 'मुंबईत काय करता येतं'. मुलगी परत आली असेल, किंवा येण्यावाचून गत्यंतरच नसेल तर.

कौटुंबिक हिंसाचार कायदा २००५. कलम २७ प्रमाणे ती तात्पुरती जिथे राहते तिथलं मॅजिस्ट्रेट कोर्ट चालतं. माहेर अंधेरीला तर अंधेरीचं कोर्ट, सासर सॅन होजेला असलं तरी. संरक्षण अधिकारी घटनेचा अहवाल विनाशुल्क भरून देतात, कलम १२ चा अर्ज त्यावर उभा राहतो. कायदा म्हणतो पहिली तारीख तीन दिवसांत, निकाल साठ दिवसांत. प्रत्यक्षात तसं होत नाही, म्हणून कलम २३ चा अंतरिम अर्ज त्याच दिवशी जोडा. नंतर जोडू म्हटलं की सहा महिने गेलेच.

पोटगीच्या प्रकरणात २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालापासून दोन्ही बाजूंना उत्पन्न आणि मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरतात. नवरा 'माझी नोकरी गेली' म्हणतो. अमेरिकेत दोघांनी मिळून कर विवरण भरलं असेल तर बायको त्याची प्रत कर खात्याकडून स्वतः मागवू शकते, त्याच्या परवानगीची गरज नाही. एवढा एक कागद दहा साक्षीदारांना भारी.

हिंदू विवाह कायद्यात २००३ च्या दुरुस्तीनंतर पत्नी स्वतः राहते तिथे अर्ज करू शकते, म्हणजे बीकेसीचं (वांद्रे-कुर्ला संकुल) कुटुंब न्यायालय. अंतरिम पोटगी आणि खटल्याचा खर्च कलम २४ खाली.

पोलीस तक्रार. १ जुलै २०२४ च्या आधीच्या छळाला जुनं ४९८अ, नंतरच्याला भारतीय न्याय संहितेचं कलम ८५. सगळ्या घटना परदेशात घडलेल्या असतील तर खटला पुढे चालवायला केंद्र सरकारची मंजुरी लागते. पण ती तक्रार नोंदवतानाच हवी असं नाही, थोटा वेंकटेश्वरलू निकालात (२०११) हे स्पष्ट केलं आहे. ठाण्यावर 'गुन्हा अमेरिकेतला, तिकडे जा' म्हणाले तर हा निकाल छापून सोबत न्या. दखल घेण्याची मुदत तीन वर्षं आहे. 'बघू, सुधारेल' म्हणत ती निघून जाते.

पासपोर्टबद्दल. नवऱ्याचा पासपोर्ट पोलीस रोखू शकत नाहीत, तो अधिकार पासपोर्ट अधिकाऱ्याचा. कोर्टाने समन्स किंवा वॉरंट काढलं असेल तर त्याची प्रत जोडून बीकेसीच्या पासपोर्ट कार्यालयाकडे पासपोर्ट कायद्याच्या कलम १०(३) खाली अर्ज करा. आणि समन्स बजावायला त्याचा पत्ता पिनकोडसकट, फ्लॅट नंबरासकट हवा. दिवाणी समन्स परदेशात समन्स बजावण्याच्या हेग करारातून जातं, त्याला काही महिने लागतात. पत्ता चुकला की तेवढेच महिने पुन्हा.

टवाळ

म्हणजे पत्ता दोनदा उपयोगी. एकदा ९११ ला, एकदा कोर्टाला.

पार्लेकरीण

कोर्टनाका, उत्तम. एक शंका. परदेशी कोर्टाची घटस्फोटाची नोटीस माहेरी आली तर? 'भारतात ती चालत नाही, फाडून टाका' असं बरेच जण सांगतात.

कोर्टनाका

फाडू नका. १९९१ च्या नरसिंह राव निकालाप्रमाणे, लग्न ज्या कायद्याखाली झालं त्याच कायद्यातल्या कारणावर आणि योग्य न्यायक्षेत्रात झालेला परदेशी घटस्फोटच इथे ग्राह्य. 'संसार मोडलाय' एवढ्याच कारणावरचा नाही. पण ती स्वतः तिथे हजर होऊन बिनहरकत लढली तर तो तिच्यावर बंधनकारक ठरू शकतो. गप्प बसली तर तिकडे मालमत्तेचा आणि मुलांचा निकाल एकतर्फी लागतो. मधला रस्ता म्हणजे मुदतीत लेखी हरकत: 'मला या कोर्टाचं न्यायक्षेत्र मान्य नाही.' ती वकिलाकरवीच जावी. आणि त्याच सुमारास इथे आपला अर्ज दाखल करावा. लिफाफ्यावरचा शिक्का आणि मिळाल्याची तारीख जपून ठेवा.

निशिगंध

मुलांचं कुणीच बोललं नाही. पत्रकात ठळक अक्षरात टाका: मूल घेऊन परत येण्याआधी वकिलाला विचारा. १९८० च्या हेग बालअपहरण करारात भारत नाही, त्यामुळे इथलं कोर्ट मुलाचं हित पाहून ठरवतं (नित्या आनंद राघवन निकाल, २०१७). पण अमेरिकेत दुसऱ्या पालकाचा हक्क डावलण्यासाठी मूल देशाबाहेर नेणं हा १९९३ पासून केंद्रीय गुन्हा आहे. छळापासून पळणं हा त्यात बचाव आहे, पण तो सिद्ध करावा लागतो. तिकडचा संरक्षण आदेश हातात असला तर बाजू भक्कम होते. म्हणजे पुन्हा मंदार यांचाच मुद्दा: आधी तिकडे कागद करा, मग विमान.

घारापुरी

थोडं अवांतर. पत्रक सगळं एच-४ आणि स्पाउस व्हिसाभोवती फिरतंय. घरकामासाठी आखातात जाणाऱ्या बायका मुंबईच्याच विमानतळावरून जातात. त्यांचा पासपोर्ट बहुधा ईसीआर असतो, म्हणजे ठराविक देशांत नोकरीला जाताना आधी सरकारी मंजुरी लागते. अशा देशांत घरकामाला जायला वयाची तीस वर्षं पूर्ण हवीत आणि भरती सरकारी संस्थेमार्फतच व्हायला हवी. दलाल काय करतो? टुरिस्ट व्हिसावर पाठवतो. मग करार नाही, विमा नाही, दूतावासाकडे नोंद नाही. मंजुरी घेऊन गेलं तर प्रवासी भारतीय विमा योजनेत दोन वर्षांचा हप्ता २७५ रुपये, विमा १० लाखांचा. 'टुरिस्ट व्हिसावर नोकरी नसते' एवढं एक वाक्य तरी टाका.

पार्लेकरीण

घारापुरी, हे अवांतर नाही. पण याच पानात कोंबलं तर दोन्हीकडून वाया जाईल. यासाठी वेगळं पत्रक काढू, मजकूर तुम्ही लिहा. हिंदीतही हवं.

उसळपाव

पुराव्याबद्दल. नुसते स्क्रीनशॉट पुरत नाहीत. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, त्याचे दोन भाग: अ भाग पुरावा देणाऱ्याचा, ब भाग तज्ज्ञाचा, आणि त्यात फाइलची हॅश किंमत (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा आकडा). म्हणून मूळ फोन विकू नका, फॉर्मॅट करू नका. व्हॉट्सॲपचं संभाषण 'एक्सपोर्ट' करून माहेरच्या ईमेलवर पाठवा, पण त्या ईमेलचा पासवर्ड नवऱ्याला माहीत नसलेला हवा. लग्नानंतर कौतुकाने एकमेकांना पासवर्ड देतात, तिथेच सगळं फसतं. दवाखान्यात गेल्यावर 'जिन्यावरून पडले' लिहून घेऊ नका, कुणी मारलं ते नोंदवायला सांगा.

शुभा_लेस्टर

फोन बिल नवऱ्याच्या नावावर असेल तर कॉलची यादी त्याला दिसू शकते. हेल्पलाइनला शक्यतो लायब्ररीतून, शेजारणीच्या किंवा दवाखान्यातल्या फोनवरून.

गोरेगावकर_काका

यादीचा मुद्दा पटला. बाकी पत्रकाची भाषा नवऱ्याला आरोपी धरणारी नसावी एवढं बघा, नाहीतर मंगल कार्यालयवाले ठेवूच देणार नाहीत. आणि एक विचारतो. मुलगी तिकडे राहून इथे खटला चालवायचा तर वडिलांनी मुखत्यारपत्रावर सगळं करायचं का?

कोर्टनाका

अर्ज दाखल करणं, तारखांना हजर राहणं वडील करू शकतात. साक्ष नाही. जे फक्त तिलाच माहीत आहे ते मुखत्याराने सांगून चालत नाही, सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्येच ठरवलं आहे. तिची साक्ष व्हिडिओ कॉन्फरन्सवर होऊ शकते, २००३ च्या प्रफुल्ल देसाई निकालापासून दार उघडं आहे. मुखत्यारपत्र तिकडच्या भारतीय वकिलातीसमोर करावं आणि मुंबईत पोचल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांक शुल्क भरावं. ही मुदत चुकते, दंड बसतो आणि विरुद्ध बाजूला हरकत घ्यायला आयतं कोलीत मिळतं.

पार्लेकरीण

दुरुस्त मजकूर. पहिली बाजू, निघण्याआधी: पासपोर्टच्या नावानेच नोंदणी आणि दाखल्याच्या दोन प्रती, वजन आणि सह्यांसह भेटवस्तूंची यादी, स्वतःच्या नावाचं खातं, त्यात परतीच्या तिकिटाइतके पैसे, पासपोर्ट, व्हिसा, नवऱ्याच्या व्हिसाची प्रत माहेरच्या ईमेलवर, तिकडचा पूर्ण पत्ता पाठ.

दुसरी बाजू, बिघडलं तर: त्या त्या देशाचे नंबर; पासपोर्ट काढून घेतला तर तिथल्या पोलिसांत तक्रार आणि वकिलातीत नवा किंवा इमर्जन्सी सर्टिफिकेट; परराष्ट्र मंत्रालयाचं 'मदद' पोर्टल; राष्ट्रीय महिला आयोगाचा एनआरआय कक्ष; देश सोडण्याआधी तिथल्या वकिलाशी बोलणं. मुंबईसाठी: पोलीस आयुक्तालयातला महिला व मुलांसाठीचा विशेष कक्ष (टिसने, म्हणजे टाटा समाजविज्ञान संस्थेने, १९८४ मध्ये सुरू केलेला), वांद्र्याच्या भाभा रुग्णालयातलं 'दिलासा' केंद्र, कायदेशीर मदतीला 'मजलिस' संस्था, आणि मोफत वकिलासाठी विधी सेवा प्राधिकरण, फोन १५१००.

काका, वरचं शीर्षक 'परदेशी जाताना सोबत ठेवायचे कागद' असं ठेवलंय. ते कुणाला खुपणार नाही.

निशिगंध

विधी सेवेच्या ओळीत 'उत्पन्नाची अट नाही' हे घाला. १९८७ च्या कायद्याच्या कलम १२ प्रमाणे कुठल्याही स्त्रीला मोफत वकील मिळतो, पण 'आम्ही काही गरीब नाही' म्हणून मध्यमवर्गीय बायका तिकडे फिरकतच नाहीत.

मंदार_बे_एरिया

इमर्जन्सी सर्टिफिकेटपुढे 'फक्त भारतात येण्यासाठी, एकदाच' असं लिहा. ते घेऊन आली तर परत जायला नवा पासपोर्ट आणि बहुधा नवा व्हिसाही लागेल. तिकडे राहून लढायचं असेल तर अर्ज नव्या पासपोर्टसाठीच करायचा.